ते स्वतःला ‘रोमन’ म्हणत होते

राष्ट्रभावना ही आधुनिक युरोपची निर्मिती असून मध्ययुगात केवळ राजे आणि त्यांची प्रजा होती, हे विधान आपल्याकडे फार सहज केले जाते. मला ते पटत नाही, आणि त्याचे मुख्य कारण कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, हे आहे.

रोमन साम्राज्याच्या ज्या पूर्वेकडील भागाची कॉन्स्टँटिनोपल ही राजधानी होती आणि ज्याला आपण बायझंटाइन साम्राज्य म्हणतो, त्यातील लोक स्वतःला रोमन आणि आपल्या देशाला ‘रोमानिया’, म्हणजे रोमनांचा देश, म्हणत. ‘बायझंटाइन’ हे नाव हिएरोनिमुस वोल्फ या जर्मन विद्वानाच्या १५५७च्या ग्रंथापासून पुढे रुळले, तेव्हा ते राज्य बुडून शंभर वर्षे लोटली होती. शेजाऱ्यांनी मात्र मूळ नाव जपले. अरब आणि तुर्क त्या प्रदेशाला ‘रूम’ म्हणत. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ ओतणाऱ्या रूमीखानाच्या नावातला ‘रूमी’ तिथलाच. पश्चिम युरोपने ‘ग्रीक’ म्हणणे या रोमनांना अपमानास्पद वाटे. ९६८मध्ये पोपच्या पत्रात त्यांचा सम्राट निकेफोरस फोकास याला ‘ग्रीकांचा सम्राट’ असे संबोधले गेले, तेव्हा ते पत्र आणणाऱ्या दूतांना थेट कैदेत टाकण्यात आले.

हा केवळ दरबारी अभिमान होता, असा आक्षेप कोणी घेईल. पण १०४२मध्ये मायकेल पाचव्याने सम्राज्ञी झोईला हद्दपार केले, तेव्हा राजधानीतील सामान्य माणसे, त्यांत स्त्रियाही, राजवाड्यावर चालून गेली आणि त्यांनी त्याला सिंहासनावरून खाली ओढले. राज्य ही सम्राटाची खासगी मालमत्ता नाही, त्यावर आपलाही हक्क आहे, असे वाटल्याशिवाय लोक असे उठत नाहीत. शिवाय साम्राज्यातील प्रत्येक जण रोमन मानला जात नव्हता: १०१८मध्ये बल्गेरिया जिंकल्यावर तेथील लोक सम्राटाचे करदाते झाले, परंतु बल्गेरियनच राहिले. प्रजा असणे आणि त्या समाजाचा घटक असणे यांतला हा भेद त्या काळच्या माणसांना नीट कळत होता. त्याला आधुनिक राष्ट्रवाद म्हणू नये, हे मला मान्य आहे. पण त्याला नुसती राजनिष्ठा म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

१९१२मध्ये ग्रीक सैन्याने लेम्नोस बेट ऑटोमनांकडून घेतले, तेव्हाची एक आठवण त्याच बेटावर जन्मलेले इतिहासकार पीटर कारानिस यांनी सांगितली आहे. सैनिकांकडे टक लावून पाहणाऱ्या मुलांना एकाने विचारले, ‘काय पाहता?’ मुले म्हणाली, ‘हेलेन (म्हणजे ग्रीक) लोक कसे दिसतात ते.’ ‘मग तुम्ही हेलेन नाही का?’ मुलांनी उत्तर दिले, ‘नाही, आम्ही रोमन आहोत.’ कॉन्स्टँटिनोपल पडून तेव्हा ४५९ वर्षे झाली होती.