आईंच्या तक्रारीबद्दल, रुग्णालयाकडून

नमस्कार ताई,

‘ऑपरेशन चांगलं झालं, पण भुलीतून बाहेर येताना आई थंडीने कुडकुडत होती, पाणी मागत होती आणि कुणी लक्ष दिलं नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. हे रुग्णालय माझं आहे आणि मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे. आईंची आणि तुमची मनापासून माफी मागतो.

रिकव्हरी रूममधल्या त्या दिवसाच्या नोंदी मी वाचल्या. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन वेळच्या वेळी लिहिलेलं आहे. थंडीचा उल्लेख कुठेच नाही. म्हणजे आमचं लक्ष मॉनिटरवर होतं, आईंकडे नव्हतं.

भुलीच्या औषधांनी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि शरीराच्या आतली ऊब बाहेर निसटते. तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की जाग येताना हुडहुडी भरते. ती नेहमीची असली तरी सोसायला लावण्याची गोष्ट नाही. गरम हवेचं पांघरूण आमच्याकडे आहे, ते ऑपरेशनच्या आधीपासूनच घालायला हवं होतं. आईंना नुसती चादर मिळाली.

पाणी लगेच दिलं नाही, ते मात्र बरोबर होतं. पूर्ण शुद्ध येईपर्यंत गिळण्यावर ताबा नसतो, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. पण ओल्या कापसाने ओठ भिजवता आले असते आणि थांबायचं का, हे सांगता आलं असतं. आईंचा घसा दुखत असेल, तर तो भुलीत श्वासासाठी घशातून घातलेल्या नळीमुळे. दोन दिवसांत कमी झाला नाही तर मला दाखवा.

तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय की आईंचं श्रवणयंत्र तुमच्या पिशवीतच राहिलं होतं. मला तेच सर्वांत जास्त लागलं. अर्धवट गुंगी, अनोळखी चेहरे, आणि कुणी काही बोललं असेल तरी ते कानांपर्यंत पोचत नाही. श्रवणयंत्र काढायला आम्हीच सांगतो, मग जाग आल्यावर परत घालणं हेही आमचंच काम होतं.

आता चष्मा आणि श्रवणयंत्र नाव लिहिलेल्या डबीत पेशंटबरोबरच आत जातात. थंडी, दुखणं, मळमळ हे सिस्टर विचारून लिहितात. शुद्ध आल्यावर घरच्या एकाला आत बसू देतो.

आईंना बरं वाटलं की त्यांच्याशी मला बोलायचं आहे. त्यांना त्या वेळी काय काय जाणवलं, ते माझ्या सिस्टरांनीही त्यांच्याच तोंडून ऐकावं असं वाटतं. त्यांची तयारी असेल तरच.