एन्झाइमची कॅप्सूल सोडून फळांचा रस? अजिबात नको

"प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ एकत्र खाऊ नका, त्यांची एन्झाइम्स एकमेकांना मारतात आणि अन्न पोटात सडतं. वेगवेगळं खा, वजन झपाट्याने उतरेल. जेवताना पाणी नको. कच्च्या फळांच्या रसात जिवंत एन्झाइम्स असतात. तो घ्या, गोळ्या सोडा."

हा फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या आत्याकडे पोचला. तिला स्वादुपिंडाचा जुना आजार आहे, दर जेवणाला एन्झाइमची कॅप्सूल लागते. "बंद करू का गं?" म्हणून तिने विचारलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

नाही, बंद करायची नाही. स्वादुपिंडातून चरबी पचवणारं लायपेज हे एन्झाइम पुरेसं येत नसेल तर चरबी न पचताच बाहेर पडते. शौचाला तेलकट, घाण वासाचं होतं, वजन घटतं; अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. रसाने यातलं काय भरून निघणार? एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिनच. जठरातलं आम्ल आणि प्रथिनं फोडणारं पेप्सिन बहुतेक एन्झाइम्सचा तिथेच निकाल लावतात. म्हणून तर कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांना आम्लात न विरघळणारं आवरण असतं; ते लहान आतड्यात गेल्यावर सुटतं. पपईतलं पपेन प्रथिनं फोडतं, हे मान्य. पण आत्याचं अडतंय चरबीपाशी!

आणि त्या एकाच कॅप्सूलमध्ये पिष्टासाठी अमायलेज, प्रथिनांसाठी प्रोटिएज, चरबीसाठी लायपेज, अशी तिन्ही असतात. धडधाकट स्वादुपिंडही ती एकाच रसातून सोडतं. लाळेतलं अमायलेज जठराच्या आम्लात थंडावतं, एवढं मेसेजवाल्याचं बरोबर. पण उरलेलं पिष्ट पुढे स्वादुपिंडाचं अमायलेज फोडतंच. शिवाय कडधान्यात प्रथिनं आणि पिष्ट मुळातच एकत्र असतात, ती काय निवडून वेगळी करणार?

सडण्याचं म्हणाल, तर जिवाणू न पचलेलं अन्न आंबवतात ते मुख्यतः मोठ्या आतड्यात. तंतुमय पदार्थांचं तर सगळ्यांच्याच पोटात तसं होतं.

वजनाचा दावा तपासूनही झालाय. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात 54 लठ्ठ रुग्णांना सहा आठवडे रोज सुमारे 1100 कॅलरीच दिल्या. काहींना पदार्थ वेगवेगळे करून, बाकीच्यांना नेहमीचा संतुलित आहार. वजन दोन्हीकडे साधारण सारखंच उतरलं.

राहिलं पाणी. जठर मोजूनमापून एकदाच आम्ल ओतत नाही, लागेल तसं आणखी सोडतं. आणि कॅप्सूल तर पाण्याबरोबरच गिळायची असते.