वाघनखं लंडनची, पोसायडन कोल्हापूरचा

२०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, तीन वर्षांच्या बोलीवर. पुढच्याच वर्षी रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात विकत घेतली. दोन्ही वेळा इथे दक्षिण स्पेनमध्ये बसून मी घरचे वाद ऐकत होतो. वाघनखं खरी का, श्रेय कुणाचं, उसनी कशाला आणायची? वस्तू आल्याचा आनंद मलाही झाला. पण जे आपल्याच मातीतून निघालं आणि आपल्याच जिल्ह्यात पडून आहे, त्याची विचारपूस कोण करतं, हे विचारणारा आवाज मला फारसा ऐकू आला नाही.

मला तो प्रश्न छळतो, कारण मी कादिझच्या संग्रहालयात वरचेवर जातो. कादिझ म्हणजे फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्राचीन व्यापाऱ्यांनी, अटलांटिकच्या काठावर वसवलेलं बंदर. संग्रहालय गावाच्या मधोमध, प्लाझा दे मिनामध्ये आहे. युरोपीय संघाच्या नागरिकांना प्रवेश फुकट, माझ्या भारतीय पासपोर्टवर दीड युरो.

तिथे संगमरवराच्या दोन शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, दोन्ही साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. एकीवर दाढीवाला पुरुष कोरलेला आहे, हातात डाळिंब. ही १८८७ मध्ये सागरी प्रदर्शनासाठी जमीन सपाट करताना सापडली, आणि तिच्यामुळेच शहराचं पुरातत्त्व संग्रहालय उभं राहिलं. पुढे त्याचे संचालक झालेल्या पेलायो किंतेरो यांना खात्री होती की याच्या जोडीची स्त्रीची पेटीही इथेच कुठेतरी असणार. त्यांनी वर्षानुवर्षं खणलं. ती न सापडताच १९४६ मध्ये ते वारले. १९८० मध्ये एका इमारतीचा पाया खणताना ती निघाली, किंतेरो जिथे राहत होते त्याच जागेखाली! तिच्या हातात अत्तराची कुपी आहे. ही गोष्ट गावात ज्याला विचाराल तो सांगतो. फिनिशियनांशी या लोकांचं धर्माचं, भाषेचं कसलंच नातं उरलेलं नाही, तरी त्या दोघांना ते आपले मानतात.

वरच्या मजल्यावर सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार सुरबारान याने जवळच्या हेरेस गावातल्या कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या मठासाठी रंगवलेले पांढऱ्या झग्यातले साधू आहेत. १८३० च्या दशकात सरकारने मठांची मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा चित्रं पांगली. त्याच मठाच्या वेदीची मुख्य चित्रं आज फ्रान्समध्ये ग्रनोब्लला आणि न्यूयॉर्कला आहेत. म्हणजे गेलेल्या वस्तूंचं दुःख यांनाही आहे. पण जे उरलं ते त्यांनी नीट लावलं, त्यावर नीट उजेड पाडला, शेजारी माहिती लिहिली.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. मालकी माद्रिदच्या केंद्र सरकारची, कारभार अंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारचा, आणि या दोघांमध्ये विस्ताराचं काम कित्येक वर्षं रखडलेलं आहे. मात्र त्यावर स्थानिक वर्तमानपत्रं सतत लिहितात, लोक चिडतात. संग्रहालयासाठी चिडणारे लोक मला आपल्याकडेही हवे आहेत.

कारण आपल्याकडचा ठेवा कमी नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात रोमन घडणीची पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली. भूमध्य समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी! ज्या रोमन जगात कादिझ श्रीमंत झालं, त्याचाच व्यापार कोल्हापूर आणि मराठवाड्यातल्या तेरपर्यंत पोचला होता. ती मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयातली. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या किती जणांना कुणी तिकडे वाट दाखवतं? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरेकाठच्या दैमाबादला १९७४ मध्ये कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले. ते पाहायला तिथल्या मुलांना महानगर गाठावं लागतं.

शिवाजी महाराजांशी जोडलेल्या वस्तूची भावना वेगळी असते, हे मला मान्य आहे. तरीही वाघनखांसाठी सुरक्षा, काचपेट्या आणि प्रकाशयोजना आपण करू शकलो, म्हणजे पैसा आणि कौशल्य आहे. २०२७ मध्ये मुदत संपल्यावर ती परत जातील, तेव्हा दैमाबादचा रथ निदान काही महिने अहिल्यानगर जिल्ह्यात आणण्याची मागणी आपल्या आमदारांनी आत्ताच करावी. लंडनशी करार जमतो, तर आपल्याच देशातल्या संग्रहालयांशीही जमायला हवा.