‘दोन एक्के असून हरलो’ या एक ताऱ्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही लिहिलंय, ‘बोर्डावर बॅड बीटला अर्धा किलो कुंदा लिहितात, मी दोन एक्के घेऊन हरलो तरी दिला नाही. वर डीलर हसला. चहाही गार.’

चहाचं मान्य. शनिवारी संध्याकाळी बेळगावची अर्धी टिळकवाडी आमच्याकडे पोकर खेळायला असते आणि शेगडी एकच. कुंद्याचं मात्र नीट सांगावं लागेल. बॅड बीट म्हणजे जिंकण्याची जवळपास खात्री असताना हरणं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, आम्ही अर्धा किलो मिठाईसाठी लबाडी करतो. पैसे लावून खेळ आमच्याकडे होत नाही, चिप्स प्लास्टिकच्या. त्यामुळे भांडण राहिलंय ते फक्त कुंद्याचं.

तो डाव मी काउंटर सोडून मागे उभा राहून पाहिला. एक्क्यांची जोडी आली तेव्हा तुम्ही रेझ केलं नाही, म्हणजे बोली वाढवली नाही, नुसता कॉल करून, समोरच्याएवढंच लावून, गप्प बसलात. बिग ब्लाइंडवर, म्हणजे पत्ते बघण्याआधीच सक्तीची बोली लावायच्या जागेवर, आमचे रिटायर्ड मास्तर होते. त्यांच्याकडे सत्ती-चव्वी. तुम्ही थोडं जरी वाढवलं असतं तरी त्यांनी ते पत्ते फेकलेच असते. ते चिप्ससुद्धा पेन्शनसारख्या जपून वापरतात. पण फुकटात फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे सगळ्यांसाठीचे पहिले तीन पत्ते, बघायला मिळाला आणि आला राजा, सत्ती, चव्वी. मास्तरांच्या दोन जोड्या झाल्या. मग तुम्ही ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि त्यांनी कॉल केला.

सर, चिप्स मध्ये गेल्या त्या क्षणाला मास्तर पुढे होते. तिथून तोच डाव शंभर वेळा खेळलात तर साधारण पंचाहत्तर वेळा तेच जिंकतील. पत्ते वाटले तेव्हा तुम्ही पुढे होतात, शंभरात ऐंशीच्या वर, पण तेव्हा तुम्ही लावलं किती? तीन पत्तीत हातातले पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात, म्हणून मोठा हात हरला की नशीब फुटलं म्हणतात. इथे मध्ये पाच पत्ते यायचे असतात. कोण पुढे, हे प्रत्येक पत्त्याला बदलतं.

कुंदा कुणाला मिळाला तेही सांगतो. गेल्या महिन्यात खानापूरची एक मुलगी दोन राजे घेऊन बसली होती. टर्नपर्यंत, म्हणजे चौथ्या पत्त्यापर्यंत, टेबलावर राजा, नव्वी, नव्वी, चव्वी. म्हणजे तिचं राजांचं फुल हाऊस, तीन राजे आणि दोन नव्व्या. समोरच्याकडे एक्का-नव्वी, तीन नव्व्या झाल्या म्हणून तो खुशीत. दोघंही टर्नवर ऑल-इन. न दिसलेले पत्ते चव्वेचाळीस आणि त्यातली एकच नव्वी त्याला वाचवणार होती, एक्का आला असता तरी तो हरलाच असता. सव्वादोन टक्के. रिव्हरला, म्हणजे पाचव्या पत्त्याला, तीच नव्वी आली. ती पोरगी दोन मिनिटं त्या पत्त्याकडेच बघत होती. याला म्हणायचं बॅड बीट.

तुमचे मित्र राजांची जोडी घेऊन एक्क्यांच्या जोडीपुढे हरले, त्याचाही कुंदा तुम्ही मागितलात. वाईट वाटतं, पण ते सुरुवातीपासूनच मागे होते, शंभरात अठराच्या आसपास. त्याला खेळणारे कूलर म्हणतात. चूक कुणाचीच नाही, दोघांकडे एकाच वेळी चांगले पत्ते आले इतकंच. आणि दुसऱ्या डावात तुमच्या राण्या एक्का-राजापुढे गेल्या, ते तर जवळपास नाणं उडवणंच. ज्या कार्डरूममध्ये बॅड बीटचा जॅकपॉट असतो तिथे साधारणपणे निदान एक्क्यांचं फुल हाऊस किंवा चौकडी (एकाच आकड्याचे चार पत्ते) घेऊन हरावं लागतं. आम्ही इतके कडक नाही.

आमची चूक एक आहे, आणि ती मोठी आहे. बोर्डावर नुसतं ‘बॅड बीट = कुंदा’ लिहिलं होतं. पहिल्यांदा येणाऱ्याने काय समजायचं? काल खडूने खाली वाढवलंय: ऑल-इन झालं तेव्हा तुमची बाजू शंभरात नव्वदच्या वर हवी, हिशोब डीलर मोबाईलवर काढून दाखवील.

डीलर पोरगा तुम्हाला ‘होगली बिड्री’ म्हणाला. त्याचा अर्थ ‘जाऊ द्या हो’ एवढाच, चेष्टा नव्हती. तरी हसायला नको होतं, त्याला सांगितलंय.

शनिवारी या, गरम चहा आमच्याकडून. आणि एक्के आले तर रेझ करा ओ.