कपाट, घर्षण आणि सासूबाई

पेंटरने जाता जाता सांगितलं, "ताई, सकाळी लवकर येतो, तेवढं लोखंडी कपाट भिंतीपासून सरकवून ठेवा." सांगायला काय जातंय. आमचं कपाट लग्नातलं, म्हणजे सासूबाईंच्या लग्नातलं, आणि त्यात कपड्यांपेक्षा जास्त लाइट बिलं, पितळेचे डबे, कुणाकुणाच्या बारशाला आलेली आणि कुणाला द्यायची राहून गेलेली भांडी असं सगळं. रिकामं ऐंशी किलो तरी असेल आणि आतला ऐवज सत्तर किलो, हा आमच्या चिरंजीवांचा अंदाज.

चिरंजीव अकरावी सायन्सला आहेत. घरात काम निघालं की त्यांना अभ्यास आठवतो आणि या वेळी तर अभ्यासच कामाला आला, त्यामुळे हात लावायचा प्रश्नच नव्हता, ते वही घेऊन पलंगावर बसले आणि कपाटाचा चौकोन काढून त्याला चारी बाजूंनी बाण लावले. खाली वजनाचा, वर जमिनीच्या रेट्याचा, एक आमच्या ढकलण्याचा आणि त्याच्या बरोब्बर उलटा घर्षणाचा. "आई, दीडशे किलो गुणिले गुरुत्वाकर्षणाचे ९.८ म्हणजे १४७० न्यूटन, जोर न्यूटनमध्ये मोजतात. फरशीचा कोएफिशियंट, म्हणजे घर्षण वजनाच्या किती पट, तो ०.४ धरू. म्हणजे ५८८ न्यूटनच्या वर जोर लागला तरच हलेल. त्याच्या खाली कितीही लावा, घर्षण तेवढंच उलटं लागणार, नेट फोर्स शून्य."

शून्य कसं असतं ते आम्ही तोवर करून बघितलंच होतं. मी आणि नवरा, दोघं लाल होईपर्यंत ढकलत होतो. नवरा नुकताच ऑफिसातून आलेला, पायात मोजे तसेच. तो कपाटाला टेकून जोर लावायचा आणि कपाट जागच्या जागी, हाच मागे मागे सरकत दारापर्यंत. सासूबाई दिवाणावरून, "अरे, वरून ढकलू नकोस, अंगावर येईल." हे मात्र फिजिक्सलाही मान्य आहे, उंचावर जोर लावला की सरकायच्या आधी कलंडतं. मग त्याने वाकून खालच्या दिशेने तिरकं रेटायला सुरुवात केली. चिरंजीव लगेच, "बाबा, असं तीस डिग्रीत खाली दाबलं तर तुमचाच जोर कपाटाचं ओझं वाढवतो, ५८८ च्या जागी ८८३ लागतील!" मुलगा बापाला खरंच मदत करतोय का चिडवतोय हे मला अजून कळलेलं नाही.

नवऱ्याने नवी आयडिया काढली, कपाट आडवं करू, अरुंद बाजूवर, म्हणजे फरशीला कमी टेकेल आणि घर्षण कमी. त्यावर वहीवाल्यांनी सांगितलं की टेकणाऱ्या जागेचा काही संबंध नाही, वजन तेवढंच तर घर्षण तेवढंच, हे फ्रान्सच्या आमोंतों नावाच्या शास्त्रज्ञांनी १६९९ मध्येच सांगून ठेवलंय. लिओनार्दो दा विंचीने तर त्याच्या दोनेकशे वर्षं आधी वह्यांत लिहिलं होतं, पण छापलं नाही. मला पुस्तकात असं वाचल्याचं आठवतं की आमोंतोंना लहानपणीच बहिरेपण आलं होतं. खोलीत तीन माणसं एकदम सूचना देत असताना घर्षणाचा शांतपणे विचार कुणाला जमणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला, त्यात काही वाईट हेतू नाही.

मग आमच्या पायांचा हिशोब निघाला. आपण कपाटाला जेवढं ढकलतो तेवढंच कपाट आपल्याला ढकलतं, म्हणजे आपला जोर आपल्या तळव्यांच्या घर्षणापेक्षा जास्त असूच शकत नाही. नवरा सत्तर किलो, मोज्यांचा कोएफिशियंट ०.२५, झाले १७१ न्यूटन. मग माझं वजन विचारलं. मी पंचावन्न म्हटलं. "आई, उत्तर चुकेल." साठ. अनवाणी पाय ०.६, म्हणजे ३५३. बेरीज ५२४, पाहिजेत ५८८. चौसष्ट न्यूटन कमी पडत होते आणि सगळ्यांच्या नजरा दिवाणाकडे गेल्या.

सासूबाई म्हणाल्या, "मला नाही हो जमणार. आणि आधी रिकामं करा की! आमच्या वेळी कपाट हलवायचं म्हणजे आधी रिकामं करायचे." एवढी आकडेमोड होऊन शेवटी हेच निघालं. चिरंजीवांनी चेहरा न बदलता वहीत १५० खोडून ८० लिहिलं. ५८८ चे ३१४ झाले.

रिकामं करण्यात रात्र झाली. पलंग, दिवाण, गॅलरी, कुठे पाय ठेवायला जागा नाही, आणि प्रत्येक डब्यागणिक सासूबाईंची एक आठवण, ती ऐकून मगच डबा पुढे. नंतर दोघांनी पुन्हा पूर्ण ताकदीने खांदा लावला. एकदा हललं की घर्षण आणखी कमी होतं, ०.४ चं ०.३, म्हणजे २३५ न्यूटनच अडवायला आणि आम्ही ५२४ लावतोय. उरलेले २८९ सगळे वेगात गेले. अर्ध्या सेकंदात दीड फूट! कपाट सुटलं ते थेट खोलीच्या मधोमध, पलंगाला धडकलं, वरचे पितळी डबे गडगडत खाली. सासूबाई ओरडल्या, नवरा कपाटाच्या मागे पालथा, आणि चिरंजीव वहीत बघून, "आन्सर मॅच होतंय!"

सकाळी पेंटर आला, कपाटाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "ताई, एवढं कशाला ओढलंत? वीतभर सरकवलं असतंत तरी ब्रश गेला असता."

"परत न्यायला किती लागेल रे?" मी विचारलं.

"तेवढंच," चिरंजीव म्हणाले, आणि बाण उलट्या बाजूला काढायला घेतले.