‘एक वर्ष नाही खेळली पोरं, तर काय बिघडलं?’

परवा कुठल्याशा तापाची बातमी आली आणि आमच्या ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा फिरायला लागला. मी तो निदान तिसऱ्यांदा वाचला असेन. मजकूर थोडक्यात असा: ‘कोरोनात शाळेचे खेळ बंद ठेवले तेच बरोबर होतं. मैदानावरूनच आजार घरोघरी गेला असता. मास्क लावून खेळता येत नाही, म्हणजे खेळताच येत नाही. लहान पोरांचं एक वर्ष बुडालं तर काय बिघडलं? ज्याच्यात गुण आहे तो चमकतोच. गावाकडच्या पोरांना शेतात व्यायाम होतोच. पुढच्या साथीत पहिलं कुलूप मैदानाला.’ खाली जोडलेले हात, आणि त्याखाली एकवीस अंगठे.

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत मुलींना खो-खो शिकवते. त्या अंगठ्यांमधले निम्मे लोक माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून ग्रुपवर वाद न घालता सविस्तर लिहिते.

आधी ते ‘एक वर्ष’ घेऊ, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. ते एक वर्ष नव्हतंच. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतो. मग जिल्हा, विभाग, राज्य, आणि नशीब असेल तर राष्ट्रीय. २०१९-२० मधल्या आमच्या स्पर्धा मार्च २०२० च्या टाळेबंदीआधीच उरकल्या होत्या. २०२०-२१ चा हंगाम झाला नाही. २०२१-२२ चाही नाही. शालेय राष्ट्रीय स्पर्धांचा क्रमच बघा: ६५ वी २०१९-२० ला झाली आणि ६६ वी थेट २०२२-२३ ला. म्हणजे २०१९ च्या पावसाळ्यात तालुक्याला खेळलेल्या पोरीच्या कानावर सामन्याची पुढची शिट्टी पडली ती २०२२ च्या पावसाळ्यात.

आता वय लावा. आपल्याकडे गट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. २०१९ ला बारा वर्षांची, संघात राखीव असलेली मुलगी २०२२ ला पंधराची झाली. चौदा वर्षांखालचा गट तिनं घरात बसून ओलांडला. मैदानावर परतली ती थेट १७ खालच्या गटात, तिच्याहून डोकंभर उंच मुलींसमोर. शाळेत बुडालेला अभ्यास उन्हाळ्यात जादा तास घेऊन भरता येतो. गेलेला वयोगट कुठल्या तासाला भरून काढणार?

आणि या वयात एक-दोन वर्षांचं वजन किती असतं, ते सांगलीकरांना तरी सांगायला नको. स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात होती आणि अकराव्या वर्षी १९ खालच्या. नऊ ते अकरा. मधली दोन वर्षं काढून टाका आणि बघा काय उरतं.

प्रमाणपत्राचा भाग मी फार ताणत नाही, पण तो आहेच. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण असतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असतं. त्या शिडीची पहिली पायरी म्हणजे तालुक्याचं मैदान. आमच्याकडे डोंगराकडेच्या वाड्यांवरून येणाऱ्या पोरींचे आईवडील खेळाला ‘हो’ म्हणतात, ते बऱ्याचदा त्या कागदाकडे बघूनच. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण खरं बिघडलं ते वेगळंच. आमच्या संघात एक पळणारी होती. सातवीत असताना खांबावर अशी मुरकी मारायची, म्हणजे झटक्यात वळून अशी हुलकावणी द्यायची, की पाठलाग करणारी तोंडावर पडायची. ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा ती नववीत आलेली. सराव लावला, तर ही कठड्यावर बसून. म्हटलं, “चल गं, ऊठ.” तर म्हणाली, “मॅडम, आता पळायला लाज वाटते.”

मला त्यावर पटकन काही बोलता आलं नाही. मुलांना खेळायला कारण लागत नाही. मुलींना लागतं, आणि ‘सराव आहे’ हे आमच्याकडे चालणारं एकमेव कारण असतं. बाराव्या-तेराव्या वर्षी अंग बदलायला लागतं, तेव्हा रोज मैदानावर असलेली मुलगी त्या बदलासकट पळत राहते. तिचं तिलाही कळत नाही. दोन वर्षं घरात भाकरी, धुणं, धाकट्याला सांभाळणं, आणि मग एकदम हाफ पँट घालून चार लोकांसमोर सूर मारायचा? जुन्या संघातल्या बारापैकी सात परतल्या. मुलांच्या संघातले जवळजवळ सगळे परतले. हा माझ्या एका शाळेचा हिशेब आहे, जिल्ह्याचा नाही. तुमच्या शाळेतला हिशेब तुमच्या सरांना विचारा.

आता ‘मैदानावरूनच आजार’. मैदानाला कुलूप होतं आणि आजार तरीही घरोघरी गेला, हे आपण सगळ्यांनी बघितलं. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्त तपासलं, तेव्हा ६ ते ९ वयाच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयाच्या ६१.६ टक्के मुलांत कोरोनाची प्रतिपिंडं सापडली. त्या वयाला तेव्हा लसच नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांना लागण होऊन गेलेली, तीही शाळा बहुतेक काळ बंद असताना. यावरून मैदान निर्धोक ठरतं असं मी म्हणत नाही. पण कुलपानं पोरं वाचली, हेही त्यातून ठरत नाही.

उघड्यावरचं म्हणाल, तर चीनमध्ये सुरुवातीच्या ७,३२४ रुग्णांची पाहणी झाली होती. त्यात उघड्यावर लागण झाल्याचं एकच प्रकरण निघालं, दोन माणसांचं. खेळत नव्हती ती; एका खेड्यात एक जण वुहानहून आलेल्या माणसाशी उघड्यावर गप्पा मारत होता. पुढे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही उघड्यावरची लागण एकूण लागणीच्या १० टक्क्यांहून कमी निघाली. कारण साधं आहे. श्वासातून बाहेर पडतं ते बंद खोलीत साचतं, माळावर वाऱ्याबरोबर विरतं. यवतेश्वरच्या घाटात सकाळी पळणाऱ्याला वारा म्हणजे काय ते विचारावं लागत नाही.

इथं माझी एक चूक कबूल करते, कारण ती लपवून प्रतिवाद करणं बरं नाही. २०२१ च्या जानेवारीत मी सहा-सहा मुलींचा सराव सुरू केला होता. पालकांच्या चिठ्ठ्या, वहीत नावं, रोज ताप बघायचा, आपापली पाण्याची बाटली. दीड महिना काही झालं नाही. मग माझ्याच डोक्यात आलं, पोरी कंटाळल्यात, शेजारच्या गावाशी एक मैत्रीचा सामना लावू. परवानगीचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एका जीपमध्ये नऊ मुली आणि मी. थंडी म्हणून काचा वर. परतताना एकाच कागदावर भेळ. आठवड्यात दोघींना ताप आला. त्यातली एक मी. तपासणीत दोघींनाही कोरोना निघाला. साधा झाला, बऱ्या झालो. तरी त्या मुलीच्या आजीकडे बघताना माझी मान वर होत नव्हती.

तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, “मैदानावर झालं.” सराव बंद केला. मोकळ्या डोक्यानं विचार केला तेव्हा कुठं जीप आठवली. जीपमध्येच झालं याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण दीड महिन्याचा सराव एका बाजूला आणि काचा लावलेला पाऊण तास दुसऱ्या बाजूला ठेवला, तर संशय कुणावर जातो ते तुम्हीच बघा.

मेसेजवाल्यांचा घोळ इथंच आहे. ‘खेळ’ म्हणजे त्यांच्या मते एकच वस्तू, चालू नाहीतर बंद. प्रत्यक्षात सराव वेगळा, सामना वेगळा, स्पर्धा वेगळी, आणि स्पर्धेला जायचा टेम्पो, मुक्कामाची खोली, एकत्र जेवण, वर नारळ-शालीचा सत्कार हे आणखी वेगळं. यातलं नेमकं काय धोक्याचं, ते कुणी सुटं करून बघितलंच नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली; एका बाकावर एक, पण चार भिंतींच्या आत. आणि त्याच सूचनांमध्ये परिपाठ, स्नेहसंमेलन यांच्या जोडीला खेळ बंद! त्याच जानेवारीत १५ तारखेला राज्यातल्या १२ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. त्या वेळचा गुलाल आणि प्रचाराच्या जेवणावळी आठवत असतील. हॉटेल-बार तर ऑक्टोबरपासूनच उघडे होते. बंद होतं ते मैदान, कारण पोरं मतं देत नाहीत आणि बिलही भरत नाहीत.

मास्कचा मुद्दा अर्धा खरा आहे. दमछाक होणारा खेळ खेळताना मुलांनी मास्क लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं आणि युनिसेफनं ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं. पण त्याच सल्ल्यात पुढे अंतर ठेवा, एका वेळी थोडीच मुलं घ्या, हेही होतं. मेसेज पहिल्या वाक्याशीच थांबला.

‘गुणी पोर चमकतंच’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते कौतुकाच्या सुरात म्हटलं जातं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिची सुरुवात कशात झाली? खो-खोत. शाळेचा खेळ चालू होता म्हणून पायातली ताकद कुणाच्या तरी नजरेला पडली. स्पर्धेच्या मैदानावर असंच होतं, खो-खोला आलेल्या पोरीला बघून शेजारचे ॲथलेटिक्सचे सर विचारतात, “बाळा, कुठली गं तू?” ते विचारणारं माणूस दोन-तीन वर्षं मैदानावरच नसेल, तर गुण काय करणार, घरबसल्या अर्ज करणार? साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा याच मेसेजवाल्यांनी तिचा फोटो टाकून ‘बघा, कोरोनातूनही!’ असं लिहिलं. अहो, कोरोना आला तेव्हा ती चौदाच्या आतली. घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी धनुष्य हातातून सुटू दिलं नाही, म्हणून बर्लिन दिसलं. हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे. शिवाय तिरंदाजीत कुणी कुणाला शिवत नाही. रेषेवर उभं राहायचं आणि समोर बघायचं. असे खेळ कधी बंद ठेवायची गरजच नव्हती.

शेतातल्या व्यायामाबद्दल लिहिणाऱ्यांनी एकदा ऊस बांधून बघावा. काम ते काम. पाठ मोडते, खेळ होत नाही. वाढत्या वयाला रोज तासभर दम लागेल अशी हालचाल हवी, असं डॉक्टर सांगतात. त्यात धावणं, उड्या, वळणं आलं. मोळ्या उचलून मुरकी येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत बरीच पोरं शेतात नव्हतीच. अभ्यासासाठी घेतलेल्या मोबाइलवर, पारावर डोक्याला डोकं लावून गेम खेळत होती. अंतर तिथं कुणी मोजलं?

राहता राहिलं ‘पहिलं कुलूप मैदानाला’. एप्रिल-मे २०२१ मध्ये दवाखान्यात खाट मिळत नव्हती, तेव्हा सगळं बंद होतं आणि ते योग्यच होतं. त्या दिवसांत कुणी सराव मागितला असता तर मीच त्याला हाकललं असतं. कबड्डी आणि कुस्तीबद्दलही मी भांडणार नाही. चढाईला गेलेल्या पोरानं एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचं आणि सात जणांनी त्याच्यावर पडायचं. साथीत याहून वाईट काय असेल? खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे तालमी बंद झाल्याचं दुःख इथं थोडं जास्तच झालं. जानेवारी २०२० च्या पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीनंतर पुढची झाली ती एप्रिल २०२२ ला, साताऱ्यात. पण पैलवानसुद्धा घरामागं जोर-बैठका मारत होते. कुस्ती थांबली, मेहनत थांबली नव्हती.

खो-खोतही हेच करता आलं असतं. ‘खो’ देताना पाठीला हात लागतो, म्हणून सामना नको, कबूल. पण खांबावर एकटीनं सूर मारणं, साखळीचं म्हणजे नागमोडी पळणं, बसल्या जागेवरून उठून झेपावणं याला दुसरीचा हात लागत नाही. सहा मुली, एक खांब, पाऊण तास. तेव्हा उद्या खरंच काही आलं, तर माझा क्रम लिहून ठेवा: आधी जीप आणि मुक्काम बंद, मग सत्कार आणि प्रेक्षक, मग स्पर्धा, मग अंगाला अंग लागणारे खेळ, मग सामने. सहा मुलींचा सराव या यादीत सर्वांत शेवटी, आणि उघडताना सर्वांत आधी.

एकवीस अंगठ्यांमधला एक माझ्या सख्ख्या भावाचा आहे. त्याची धाकटी आता बारा वर्षांची झाली, आमच्याच संघात राखीव आहे. तालुक्याच्या स्पर्धेला तिला न्यायला तो स्वतःची गाडी देणार आहे. काचा उघड्या ठेवायच्या, एवढं मी आत्ताच सांगून ठेवलंय.