खुलासा : मोटोजीपीची गाडी ‘आपोआप’ चालत नाही

मोटोजीपी म्हणजे मोटरसायकल शर्यतींची सर्वोच्च जागतिक स्पर्धा. ‘मोटोजीपीत आता सगळे काम कॉम्प्युटर करतो, स्वाराने फक्त थ्रॉटल पिळायचा,’ असा दावा सर्रास केला जातो. तो अर्धवट माहितीवर उभा आहे.

ट्रॅक्शन कंट्रोल ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मागचे चाक घसरू नये यासाठी असते. दोन्ही चाकांच्या वेगातला फरक आणि गाडीचा कल पाहून ते इंजिनाची ताकद क्षणभर कमी करते; पण ते जितके जास्त मध्ये पडते, तितका वळणातून बाहेर पडतानाचा वेग घटतो, म्हणून कसलेला स्वार मनगटानेच ताकद मोजून देतो.

ब्रेकिंगबाबत तर हा दावा सपशेल चुकीचा आहे. आपल्याकडच्या साध्या दीडशे सीसी गाडीला असणारे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मोटोजीपीत वापरायला परवानगी नाही. इंजिन ब्रेकिंगचे, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनामुळे कमी होणाऱ्या वेगाचे, नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते, हे खरे. मात्र ताशी ३०० किलोमीटरच्या वेगावरून पुढचा ब्रेक किती दाबायचा हे बोटेच ठरवतात, आणि पुढच्या चाकाची पकड सुटलीच तर कोणतेही सॉफ्टवेअर धावून येत नाही. स्पेनचा स्वार मार्क मार्केझ याने गुडघा आणि कोपर डांबरावर रेटून सावरलेल्या गाड्या आठवाव्यात.

शिवाय २०१६ पासून सर्व संघांना मॅग्नेटी मारेली कंपनीचे एकच ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा कॉम्प्युटर) आणि एकच सॉफ्टवेअर वापरावे लागते, म्हणजे सरस कॉम्प्युटर कोणा एकाकडे नसतो. त्या वर्षी ९ वेगवेगळे स्वार जिंकले, याचे सारे श्रेय मात्र या नियमाला देऊ नये. मिशेलिनचे टायरही तेव्हाच आले होते, आणि पावसानेही हातभार लावला होता.